वास्प-१८बी आणि एका जावक नंबरची गोष्ट

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मी वास्प-१८बी हा सूर्यमालेबाहेरचा ग्रह घेतला. गुरूच्या दहापट वस्तुमान, ताऱ्याभोवतीची फेरी २३ तासांत, दिवसाच्या बाजूला जवळपास २,७०० अंश सेल्सिअस. एवढ्या उष्णतेत पाण्याचे बरेच रेणूसुद्धा तुटतात, मग तिथल्या हवेत काय उरतं हे मला स्वतः काढून बघायचं होतं.

डेटा जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा, सगळ्यांना खुला, मास्ट या अवकाश दुर्बिणींच्या डेटाच्या ऑनलाइन आर्काइव्हवरून एका रात्रीत उतरवला. पण कच्च्या फायली ८ जीबीच्या लॅपटॉपला झेपेनात, म्हणून पुण्यातल्याच एका संस्थेच्या सर्व्हरवर अकाउंट हवं होतं आणि त्यासाठी आमच्या कॉलेजचं पत्र.

त्या पत्रात माझे साडेपाच आठवडे गेले. आधी विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग जावक नंबर. सह्या झाल्या तर जावकचे काका रजेवर, ते आले तर म्हणाले मंजूर प्रोजेक्टच्या यादीत नाव 'बाह्यग्रहांचा अभ्यास' आहे आणि पत्रात 'अतितप्त ग्रहाचं वातावरण', हे चालणार नाही, परत टाइप कर, परत सह्या घे. कोथरूडहून विद्यापीठ चौकातलं ट्रॅफिक काढत जायचं आणि खिडकी साडेबाराला बंद. चौथ्या फेरीला मी जिन्यातच बसून रडले. राग अजून गेलेला नाही, पहिल्याच दिवशी कुणी पत्र नीट वाचलं असतं तर एका फेरीत काम झालं असतं! तुम्ही जाल तेव्हा मंजूर यादीची झेरॉक्स आधी घ्या, नाव शब्दशः तेच टाका, पत्राच्या दोन प्रती न्या.

आणि हो, कच्च्या फायलींपासून सुरुवात करायचीच असं नाही, मास्टवर पुढच्या टप्प्याच्या 'रेटइंट्स' फायली तयार असतात, त्या बऱ्याच हलक्या. हे मला एका सिनियर ताईने सांगितलं, तेही अकाउंट मिळाल्यावर.

पुढचं काम भराभर झालं. ग्रह ताऱ्यामागे गेला की एकूण प्रकाश हजारात साधारण एक भाग कमी होतो, तेवढाच ग्रहाचा. पण कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो त्या आलेखात पाण्याच्या जागी खड्डा येईल असं धरून मी दोन दिवस कोडमधली चूक शोधत होते. इथे वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते, त्यामुळे पाणी उंचवट्यासारखं दिसतं. तो बारीकसा उंचवटा पहाटे पावणेतीनला स्क्रीनवर आला तेव्हा आईला उठवून दाखवला.