जामीन झाला, माणूस घरी आला 26 दिवसांनी

"बाबूजी, जमानत हो गई, तो ये घर क्यों नहीं आए?"

आमच्याकडे बारा वर्षं पोळ्या करणाऱ्या बाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असंच मीही आजवर समजत होतो. त्यांचा नवरा फरशी बसवतो. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरातल्या दोन खोल्यांची फरशी त्याच्याच हातची. दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेला असताना बांधकामावरच्या सळया चोरीला गेल्या आणि चौघांबरोबर त्यालाही धरलं. त्याने काय केलं, काय नाही, ते कोर्ट ठरवेल. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने अर्ज केला आणि सत्र न्यायालयाने जामीन दिला: 50,000 रुपयांचा जातमुचलका, म्हणजे त्याचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. इथवर कुणाबद्दल तक्रार नाही. माझा सगळा राग आहे तो पुढच्या एका खिडकीवर.

जामीनदार मी राहतो, असं मी बाईंना सांगून टाकलं. घर माझ्या नावावर, पेन्शन चालू, आयुष्यात कुणाचं देणं नाही. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, घर जाईल!" तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं, म्हणून आता स्पष्ट लिहितो. जामीनदार राहिल्याने घर गहाण पडत नाही. आरोपी तारखेला आला नाही, तर मुचलका जप्त होतो आणि जामीनदाराकडून दंड वसूल होऊ शकतो, तोही मुचलक्याच्या रकमेपर्यंतच. पुढे नको वाटलं तर जामीनदार कोर्टात अर्ज करून मोकळाही होऊ शकतो.

जामिनाच्या चौथ्या दिवशी सकाळच्या बसने त्या जिल्ह्यातल्या कोर्टात गेलो. रजिस्ट्री म्हणजे घराचं खरेदीखत, नगर निगमच्या संपत्तीकराची पावती, आधार, चार फोटो, सगळं घेऊन. खिडकीतल्या बाबूंनी कागद उलटूनही पाहिले नाहीत. "इंदौर का मकान नहीं चलेगा. यहीं के जमीनवाले को लाइए, ऋण पुस्तिका के साथ." म्हणजे त्याच जिल्ह्यातला, शेतजमीन असलेला जामीनदार हवा, जमिनीच्या नोंदीच्या पुस्तिकेसह. बाहेरून मजुरीला आलेल्या माणसासाठी आपली जमीन पुढे करणारा शेतकरी त्या गावात कुठून मिळणार? मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? उत्तर आलं, "यहाँ ऐसा ही चलता है."

फाटकाबाहेर एकाने गाठलं. आठ हजारांत जामीनदार उभा करतो म्हणाला, ऋण पुस्तिकेसकट. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत 'देऊन टाकूया' होतं आणि मी त्यांना दोष देत नाही. पण हे करू नका. असे भाड्याचे जामीनदार पुष्कळदा खोट्या पुस्तिकेवर उभे राहतात. पकडले गेले की गुन्हा दाखल होतो आणि सुटलेला माणूस पुन्हा अडकतो. खोटे जामीनदार येतात म्हणून बाबू लोक खऱ्यांनाही अडवतात, हेही मला कळतं. पण मग कागद तपासा ना! पडताळणीला पाठवा! न बघता परत करणं म्हणजे तपासणी नव्हे.

अकराव्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी घराचं मूल्यांकन करून नेलं होतं, त्यात माझे साडेतीन हजार गेले. मॅजिस्ट्रेटसाहेब रजेवर होते. त्यांच्या जागी ज्यांच्याकडे काम होतं, त्यांच्यापर्यंत आमचा कागद पोचलाच नाही, कारण बाबू म्हणाले, "स्थानीय नहीं है तो आगे क्या भेजें?" साडेतीन तास बाकावर बसलो. बाईंची त्या दिवसाची चार घरांची कामं बुडाली. परतताना बसमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मग शेजारच्या देशपांड्यांनी सांगितलं की इंदूरच्या वकील संघातले काही जण नागरी हक्कांसाठी एक गट चालवतात, शनिवारी दुपारी बसतात, पैसे घेत नाहीत. तिथे गेलो. एक लांब टेबल, चहाचे कप, दोन ज्येष्ठ वकील, चार-पाच तरुण. वस्तीत जाऊन अटकेच्या वेळचे हक्क समजावणं, जेलमधल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या कैद्यांच्या याद्या बघणं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 479 खाली कोण सुटू शकतो ते शोधणं, अशी त्यांची कामं. आधी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर ते कलम लागतं. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असले तरी नाही. त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. त्यातल्या एका भागाचं शीर्षक वाचून मी तिथेच थांबलो: 'जामीन मंजूर, सुटका नाही'. बाईंचा प्रश्न कुणीतरी आधीच वहीत मांडून ठेवला होता.

तिथल्या एका वकीलबाईंनी सगळ्यात आधी आदेशाची प्रत मागितली. माझ्याकडे नव्हती! पंधरा दिवस मी आदेश न वाचताच धावत होतो. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवरून त्यांनी पाच मिनिटांत काढला आणि पेन्सिलने एका ओळीखाली रेघ ओढली: 'विचारण न्यायालयाच्या समाधानाप्रमाणे सक्षम जामीनदार'. विचारण न्यायालय म्हणजे खटला चालवणारं कोर्ट. 'स्थानिक' हा शब्द आदेशात कुठेच नव्हता. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, जे मी शेवटी शिकलो: खिडकीशी जाण्याआधी आदेश शब्द न शब्द वाचा.

मग त्यांनी मोतीरामचा खटला सांगितला. आपल्या मध्य प्रदेशातलाच एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या मॅजिस्ट्रेटने 10,000 चा जामीनदार मागितला आणि मोतीरामचा भाऊ नाकारला, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवून त्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. सेहेचाळीस वर्षं उलटून गेली आणि मी त्याच अटीपुढे उभा होतो. हे ऐकून मला इतका संताप आला की चहा तसाच राहिला.

31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट निर्देश दिले आहेत. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलमध्ये जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी बदलायचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नये, हेही त्यात आहे. आमच्या बाबतीत सात दिवसांनी कुणी कुणाला कळवलं नव्हतं. वकीलबाईंनी तिथल्या सचिवांना त्याच संध्याकाळी पत्र पाठवलं.

त्यांचा दुसरा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो: तोंडी नकार घेऊन परत यायचं नाही. लेखी अर्ज द्यायचा आणि 'नामंजूर' असेल तर कारणासह शेरा मागायचा. एकोणिसाव्या दिवशी त्या स्वतः माझ्यासोबत आल्या, स्वतःचं तिकीट काढून. अर्जात आदेशातली ती ओळ, मोतीरामचा निकाल आणि 2023 चे निर्देश. त्याच खिडकीत तेच बाबू. त्यांनी अर्ज वाचला, आत गेले, बाहेर येऊन म्हणाले, फाइल वरच्या कोर्टातून आलेली नाही. वकीलबाई हलल्या नाहीत. फाइल आल्याची नोंद आवक रजिस्टरमध्ये त्यांनी दाखवून दिली. पाच दिवस आधीची. पंचविसाव्या दिवसाची तारीख मिळाली.

त्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला तीन प्रश्न विचारले: आरोपीला किती वर्षं ओळखता, तो तारखेला येईल याची खात्री कशावरून, आणखी कुणाचे जामीनदार आहात का. (हा शेवटचा तपशील शपथपत्रातही द्यावाच लागतो, विसरू नका.) मी उत्तरं दिली. जामीनदार मंजूर. सगळं मिळून दहा मिनिटं! याच दहा मिनिटांसाठी एक माणूस तीन आठवडे गजांआड होता.

रिहाईचा आदेश जेलमध्ये पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, म्हणून सुटका दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा कोर्टातून आदेश दुपारच्या आत निघेल असं बघा. जामीनदाराला स्वतः हजर राहावं लागतं. मूळ कागद न्या, पण हातातून सोडू नका, प्रती द्या. आणि जामीनदारच मिळत नसेल, तर सत्र न्यायालयाला त्याच संहितेच्या कलम 484 खाली रक्कम कमी करायला सांगता येतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजनाही आहे, सुरू झाली तेव्हा जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत. काही गंभीर कायद्यांखालच्या गुन्ह्यांना मात्र ती लागू नाही. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

सव्वीसाव्या दिवशी सकाळी तो बाहेर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पाय सुजलेले. बाईंनी डब्यात आणलेले पोहे त्याने फाटकाजवळ उभ्यानेच खाल्ले.

पुढच्या शनिवारी मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे सुटकेची तारीख लिहिली. माझं अक्षर चांगलं म्हणून वही आता माझ्याकडेच असते. त्याच्या खालच्या ओळीतल्या मुलाचा जामीनदार धार शहरात राहतो, आणि त्यालाही 'स्थानिक नाही' म्हणून परत पाठवलंय. सोमवारी सकाळच्या बसने आम्ही दोघे जातोय, आदेशाची प्रत आणि लेखी अर्ज घेऊन.