आधी सही, मग प्रश्न

मे-जूनमध्ये आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर वेगळीच गर्दी असते. पुस्तकं न्यायला कोणी येत नाही, सगळे 'नो ड्यूज'च्या सहीसाठी आलेले असतात. लायब्ररी, लॅब, जिमखाना, हॉस्टेल अशा सह्या पुऱ्या झाल्या की ऑफिसातून दाखला मिळतो आणि अनामत परत मिळते. लायब्ररीची सही माझ्याकडे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या लायब्ररीत मी 19 वर्षं काम करते. मुलं मला ताई म्हणतात.

सही घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, "तीन वर्षांत काय आवडलं, काय खटकलं?" सांगतील ते एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवते. नाव लिहीत नाही, फक्त तारीख आणि वर्ग. सुरुवातीला मी फॉर्म हातात धरून विचारायचे. तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच, "सगळं छान होतं ताई." एकदा सही करून फॉर्म परत दिला आणि मग सहज विचारलं, तर ती मुलगी अर्धा तास बोलत बसली. तेव्हापासून आधी सही, मग प्रश्न.

हे लिहायचं कारण म्हणजे नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फेरी आली तेव्हाचा अनुभव. 2017 साली आणलेल्या पद्धतीत नॅक विद्यार्थ्यांचं समाधान थेट त्यांच्याकडूनच जाणून घ्यायचं. कॉलेजनं दिलेल्या यादीतल्या मुलांना ईमेल जायचा, त्यात 21 प्रश्न. पहिला प्रश्न वर्गात किती टक्के अभ्यासक्रम शिकवून झाला, हा. पुढे शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुण देताना न्याय होतो का, शिकवताना प्रोजेक्टर वगैरे वापरतात का. वीस प्रश्नांना पर्याय दिलेले, एकविसाव्यात शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहायच्या. प्रश्न चांगले आहेत. शिक्षकाला हे विचारलं गेलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही.

पण आमच्या निम्म्या मुलांना आपल्याच ईमेलचा पासवर्ड आठवत नव्हता. मग त्यांना कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवलं, आणि मागे सर उभे. प्रॅक्टिकलचे मार्क अजून त्याच सरांच्या हातात होते. त्या मुलांनी दुसरं काय भरायचं? एकविसाव्या प्रश्नाच्या चौकटीत बहुतेकांनी 'गुड' लिहिलं आणि उठले.

माझ्या वहीत काय आहे, ते सांगते.

मुलींच्या स्वच्छतागृहात एका दाराला आतून कडी नव्हती. लागोपाठ तीन उन्हाळ्यांत वेगवेगळ्या वर्गांच्या मुलींनी हेच सांगितलं. एक आत जायची, दुसरी बाहेर दार ओढून धरायची. मैत्रीण आली नसेल त्या दिवशी पाणीच प्यायचं नाही, असं एकीनं सांगितलं तेव्हा माझा पेन थांबला. मी त्याच इमारतीत रोज येते, पण स्टाफचं स्वच्छतागृह वेगळं, त्यामुळे मला कधी कळलंच नाही. वही घेऊन प्राचार्यांकडे गेले आणि तिन्ही नोंदी वाचून दाखवल्या. त्यांनी लगेच शिपाईमामांना बाजारात पाठवलं. 85 रुपयांची कडी, दुपारपर्यंत बसली. तीन वर्षं ती बसली नाही, कारण कुठल्या मुलीनं कुणाकडे जाऊन सांगायचं हेच ठरलेलं नव्हतं.

दुसरी नोंद गाडीची. विद्यार्थ्यांच्या एसटी पासला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणून तर लांबच्या वाड्यांवरच्या मुलींना कॉलेज परवडतं. पण त्यांची पहिली गाडी 7:40ला पोचायची आणि आमची अभ्यासिका 10ला उघडायची. इतका वेळ मुली स्टँडवरच्या बाकड्यावर वह्या काढून बसायच्या. संध्याकाळी अभ्यासिका सहापर्यंत चालू असे, पण तोवर त्यांची शेवटची गाडी निघून गेलेली. म्हणजे कागदावर सोय आठ तासांची, आणि ज्यांना तिची सगळ्यांत जास्त गरज त्यांना जेमतेम एखादा तास. आता किल्ली माझ्याकडे असते, मी आठला उघडते. घर जवळ आहे, मला काही जड जात नाही.

शिष्यवृत्तीचं मात्र अजून सुटलेलं नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, त्रुटी निघाली, दाखला जुना, पुन्हा तहसील, पुन्हा खिडकी, खिडकीवर 'उद्या ये'. एका मुलानं सांगितलं, "ताई, त्यांचं एक 'उद्या ये' म्हणजे आमच्या आईचा अर्धा रोज."

हा मुलगा कमवा व शिका योजनेत माझ्याकडेच होता. कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात ही योजना काय आहे हे सांगायला नको. त्याचं काम फाटक्या पुस्तकांची बांधणी. दाभणानं भोकं पाडायची, सुताला मेण लावून टाके घालायचे, पाठीला कापडी पट्टी खळीनं चिकटवायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. पहिल्या महिन्यात त्याचे टाके सैल यायचे, तिसऱ्या वर्षी मी त्याची बांधणी न बघता कपाटात लावायचे. सही झाल्यावर तो म्हणाला, "तीन वर्षांत दोनच सरांनी मला नावानं हाक मारली. बाकी सगळ्यांसाठी मी रोल नंबर. इथं मात्र नावानं बोलवायचात." मग कपाटाकडे बघून म्हणाला, "ती खालच्या फळीवरची सगळी माझी आहेत." समाधान म्हणतात ते यात होतं की नाही? ते नॅकच्या प्रश्नांना असलेल्या 0 ते 4 गुणांमध्ये कुठं बसवायचं, मला खरंच समजत नाही.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. माझ्या वहीत फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांची उत्तरं आहेत. ज्या मुली दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर येईनाशा झाल्या, त्या सहीला येतच नाहीत. त्यांच्या नावावर एखादं पुस्तक बाकी असतं, तेवढीच त्यांची खूण. पूर्वी मी वर्षाच्या शेवटी ती नावं 'वसुली'च्या यादीत टाकून मोकळी व्हायचे. दोन वर्षांपासून त्यांना फोन लावते. बरेच नंबर बंद असतात. काही वेळा सासरचं कोणी उचलतं आणि कामापुरतं बोलून ठेवतं.

मागच्या जूनमध्ये एक जण स्वतः आली. कडेवर पोर, पिशवीत चार वर्षांपूर्वी नेलेलं अर्थशास्त्राचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. दंड किती झाला विचारलं. मी म्हटलं, "दंडाचं राहू दे गं, आधी बस. पाणी पी." मग तिलाही तोच प्रश्न विचारला. बराच वेळ ती पोराची टोपी नीट करत राहिली. "आवडत होतं की सगळं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही, का येत नाहीस म्हणून. एकदा जरी फोन आला असता तर घरी सांगायला मला काहीतरी झालं असतं."

मी हे तसंच्या तसं लिहून घेतलं. मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यासकेंद्राचा पत्ता तिला एका चिठ्ठीवर लिहून दिला. प्रवेश सुरू झाले की मी फोन करीन असं सांगितलं आणि तिचा नवा नंबर वहीच्या पहिल्या पानावर घेतला.