आजचा तास मुलांचा

आमच्या द्विभाषिक वर्गात आज विषय मुलांनीच निवडला: मुंग्या. मी मागच्या बाकावर बसले. इंग्रजीच्या तासाला एरवी मान वर न करणारी एक मुलगी भिंगातून बघत मराठीत भराभर बोलत सुटली, मग तेच इंग्रजीत लिहायला लागली. अडली फक्त मुंगीच्या मिशांपाशी. शेजारच्याने न बोलता शब्दकोश पुढे सरकवला.

वेल्सचे शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ च्या प्रबंधात मांडलेली वाट हीच: एका भाषेत समजून घ्यायचं, दुसरीत मांडायचं. आणि मी इतकी वर्षं "मराठी नको" म्हणत मुलांना थांबवत आले, याचं फार वाईट वाटतं.

आठवड्याला असा एक तास मी उद्या मुख्याध्यापकांकडे मागणार आहे. घंटा झाली तरी ती मुलगी जागची हलली नाही. "बाई, राणी मुंगी बाहेर का येत नाही?"