फॉन्ट-कन्व्हर्टर, चौथा महिना: कोड शून्य ओळी, पंचनामा एक पान

मागच्या नोंदीत म्हणालो होतो की या महिन्यात ऱ्हस्व वेलांटीचा घोळ मिटवतो. मिटला नाही. जुन्या डीटीपी फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात) ती नंतर साठते. जोडाक्षर आलं की माझा कोड अजूनही ‘स्थिती’चं ‘सि्थती’ करतो. महिना गेला तो भांडणात. म्हणजे भांडण नीट लिहिण्यात.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: परभणी, नांदेड, अंबाजोगाई असे आम्ही पाच जण. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थेचे अहवाल अशा जुन्या फायली युनिकोडात आणायचं साधन बनवतोय. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड कोणीही घ्यावा, बदलावा, त्याच अटींवर पुढे द्यावा. रेपो (कोडची सामायिक साठवण) अंबाजोगाईच्या सरांच्या खात्यावर, पण सुरुवातीपासून रोजचं काम नांदेडच्या दादांनी केलेलं. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची. पुढे काय होणार ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

ठिणगी पडली ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्या वरून. हा दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ (युनिकोडातला क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोड-वर्ण झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर). डोळ्याला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की एकाला दुसरा सापडेलच असं नाही. दादांचं म्हणणं, गिऱ्हाइकांच्या आधीच्या सगळ्या फायली झेडडब्ल्यूजेवाल्या आहेत, आता मोडू नका. सरांचं म्हणणं, युनिकोड ऱ सांगतं, दुसरी तऱ्हा जुन्या २.० आवृत्तीशी जुळावं म्हणून ठेवलीय. आणि वाटेत कुठे झेडडब्ल्यूजे गळाला की ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ जातो. (ही नोंद ऱ ने टाइप केलीय, म्हणजे माझा कल कळलाच असेल.)

दोघांचंही खोटं नव्हतं. पण सोमवारी रात्री दादांनी आपला बदल मुख्य शाखेत (कोडच्या मूळ प्रतीत) घातला, मंगळवारी सकाळी सरांनी तो उलटवला आणि दादांचा लिहिण्याचा अधिकार काढला. त्या क्षणापासून वाद ऱ चा राहिला नाही.

वापरणाऱ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा मी तासाभरात लिहिला आणि पाठवूनही दिला. त्यात ‘मनमानी’, ‘गुपचूप’, ‘हकालपट्टी’ असे तीन शब्द होते. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये भावकी दोन्ही बाजूंना उभी. जिंतूरच्या एका ऑपरेटरचा फोन आला, “तुमचं चालू द्या हो, मला उद्या पत्रिका द्यायचीय. कोणतं घेऊ ते सांगा.” मी दीड पान लिहिलं होतं आणि त्यात नेमकं हेच नव्हतं.

मग वडिलांची बांधाची केस आठवली. फिर्याद आणि पंचनामा यांत फरक असतो. पंचनाम्यात ‘पश्चिमेकडून तीन काकऱ्या बांध कोरलेला’ एवढंच येतं. का कोरला, कोणाची नियत कशी, ते पंच लिहीत नाहीत. तसा दुसरा मसुदा केला. सुरुवात अशी:

“सध्या १.४ आवृत्ती वापरा, ती दोघांनाही मान्य आहे. १.५ उतरवून घेतली असेल तर त्यातल्या फायली खराब झालेल्या नाहीत, फक्त ऱ्या वेगळ्या तऱ्हेने साठलाय. सोमवारी रात्री ११:४० ला बदल मुख्य शाखेत गेला. मंगळवारी सकाळी ७:१५ ला तो मागे घेतला गेला, ७:२० ला एका सदस्याचा लिहिण्याचा अधिकार काढला गेला. असे बदल कोणाच्या संमतीने व्हावेत याचा लेखी नियम आपल्याकडे नाही.”

‘घेतला गेला’ हे मलाही आवडलं नाही. त्यात कर्ता लपतो. दादांनी फोनवर तेच पकडलं, “काढला गेला म्हणजे आपोआप गेला का?” बरोबर होतं. नंतर दोघांची नावं सरळ घातली, क्रियापद कर्तरी केलं, आणि पाठवण्याआधी दोघांकडून वाचून घेतलं. सरांनी एक वेळ दुरुस्त केली. दादांनी आपलं कारण दोन ओळींत स्वतः लिहून दिलं. माझा कल ऱ कडे आहे हेही तळाला टाकलं.

शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांना झोंबलं: लेखी नियम नाही. तिथून गाडी हलली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा दाखला मी इथेच दिला. २०१८ मध्ये पीईपी ५७२ या बदलाच्या प्रस्तावावरून, म्हणजे := हे चिन्ह घ्यायचं का यावरून, काही महिने रणकंदन झालं. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी मान्यता दिली आणि १२ जुलैला अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, वारस न नेमता. चिन्ह राहिलंच. कारभार कोणी करावा यावर वेगळे प्रस्ताव आले, मतदान झालं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची समिती निवडून आली. म्हणजे चिन्हाचा वाद आणि खुर्चीचा वाद असे दोन कागद.

दादा फोर्कचं, म्हणजे कोड घेऊन वेगळी चूल मांडण्याचं, बोलत होते. जीपीएल आहे, हक्कच आहे त्यांचा. ‘फुटले’ असं कोणी म्हणू नये. फक्त कोड नेता येतो म्हणून नावही येतंच असं नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमधली मंडळी वेगळी झाली तेव्हा नाव ओरॅकल कंपनीकडे राहिलं, म्हणून नवं नाव लिब्रेऑफिस. हे सांगितल्यावर दादा हसले, “नाव शोधण्यापेक्षा नियम लिहू.”

सध्याची स्थिती (कन्व्हर्टरच्या भाषेत सि्थती): दादांचा अधिकार परत. मुख्य शाखेत जायला दोघांची संमती. ऱ चा निर्णय बाकी. बहुतेक दोन्ही पर्याय ठेवून मूळ पर्याय ऱ राहील. सातबाऱ्यावर आणखी दोन नावं चढवायला सर तयार आहेत, अजून चढवलेली नाहीत. वेलांटी पुढच्या महिन्यात. कोणाकडे ‘स्त्रि’, ‘ष्ट्रि’ असलेल्या जुन्या फायली असतील तर पाठवा.