तुम्ही विचारलंत म्हणून : लिवाले कवा शिकवसान?

"बाई, लेकराइले लिवाले कवा शिकवसान?" कापूस वेचायला निघालेल्या बाया पोरं अंगणवाडीत सोडताना हेच विचारतात. कॉन्व्हेंटातली चार वर्षांची पोरं शंभरपर्यंत घडाघडा म्हणतात आणि आमची चिंचोके मांडत बसतात, काऊन?

मीही आधी घोकूनच घेत होते. तेव्हाची गोष्ट सांगते.

प्रशिक्षणात पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा प्रयोग ऐकला होता. सारख्याच वस्तूंच्या, सारख्याच संख्येच्या दोन ओळींपैकी एक पसरवली की सहा-सात वर्षांच्या आतली बहुतेक मुलं लांब ओळीत जास्त आहेत म्हणतात. माझी पोरं शंभर म्हणतात, ती फसायची नाहीत, असं मला वाटलं. साडेचार वर्षांच्या एका पोरीला बसवलं. तिची आई दारातच उभी होती. पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. "सारखे?" "सारखे." मी खालची ओळ पसरवली. "आता जास्त कुठं?" तिनं लांब ओळीवर बोट ठेवलं. "नीट पाहून सांग!" माझा आवाज चढला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बोट वरच्या ओळीवर नेलं, परत खाली आणलं. चिंचोक्यांकडे तिनं पाहिलंच नाही. आईसमोर मी तिला 'ढ' म्हटलं. दिवाळीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. खाऊसाठी हात पुढे करायची, तोही मान खाली घालून.

तिला शंभर म्हणता येत होतं, पण "पाच दे" म्हटलं की ती मूठभर द्यायची. एका चिंचोक्याला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे हातानं उचलून-ठेवून कळतं. माझ्या घोकंपट्टीत ते कुठंच नव्हतं.

फार उशिरा वाचलं, की मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली हाच प्रयोग फिरवून केला. ओळ मोठ्या माणसानं न पसरवता एका खोडकर टेडीनं, म्हणजे खेळण्यातल्या अस्वलानं, विस्कटली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. मोठं माणूस मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मूल चिंचोके सोडून त्या माणसाच्या मनातलं ओळखायला बघतं. ते वाचून मला त्या पोरीची नजर आठवली.

म्हणून मी चिंचोके मांडते. पण तुमची भीती खोटी नाही. पहिलीत पाटी कोरी ठेवणारं लेकरू मागं बसवलं जातं, हे मीही पाहिलंय. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.