ॲप नसताना डिलिव्हरी कशी चालवायची

जानेवारी 2013, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. स्टॅनफर्डमधल्या चौघांनी, म्हणजे टोनी शू, स्टॅन्ली टँग, अँडी फँग आणि इव्हान मूर यांनी, एक साधं वेबपेज टाकलं. गावातल्या रेस्टॉरंटच्या मेन्यूच्या पीडीएफ आणि एक फोन नंबर, बस. ॲप नाही, रायडर नाहीत. पहिली ऑर्डर थाई जेवणाची आली आणि ती पोचवायला संस्थापकच निघाले. पुढे याचीच डोअरडॅश ही जेवण घरपोच देणारी कंपनी झाली.

पैशाविना कसं जमवलं याचं कौतुक पुष्कळ होतं. मला त्यातली कामाची वाटणी जास्त शिकण्यासारखी वाटते. कार्डाचे पैसे घ्यायला स्क्वेअर, ऑर्डरी लिहायला गूगल डॉक्स, गाडी कुठे पोचली ते बघायला ॲपलचं फाइंड माय फ्रेंड्स. तिन्ही गोष्टी तयार मिळत होत्या, तिथे त्यांनी वेळ घालवला नाही. फोन घेणं, कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवणं आणि डबा पोचवणं मात्र स्वतः केलं. माणसं हातानं पाठवून पाठवूनच ते काम सॉफ्टवेअरकडून कसं करून घ्यायचं याचा अंदाज आला.

असा प्रयोग आज नाशिकात किंवा कोल्हापुरात करायचा तर सामान आणखी स्वस्त आहे. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, यूपीआयचा क्यूआर, गूगल शीट आणि व्हॉट्सॲपचंच लाइव्ह लोकेशन. ते 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालू ठेवता येतं. शिफ्टसाठी 8 तासच निवडा आणि फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर नकाशावरचा ठिपका एका चौकात गोठून बसतो. पैसे आल्याचा गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट धरू नका, स्वतःच्या खात्यात बघा. एकच मेसेज अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून पहिल्या डिलिव्हरीलाच नंबर सेव्ह करायला सांगायचं.

शीटमध्ये चार वेळा हव्यात: ऑर्डर आली, हॉटेलात पोचलो, पार्सल हातात पडलं, दारात दिलं. लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-अर्धविराम दाबलं की चालू वेळ भरली जाते. दुसरी आणि तिसरी वेळ बहुतेक जण गाळतात, आणि नेमका तोटा तिथेच असतो. रस्त्यावर 12 मिनिटं गेली आणि काउंटरपाशी 20, तर आणखी एक रायडर ठेवून काय उपयोग? हॉटेलला आधी फोन करून निघायची वेळ बदलावी लागते.

हिशेबही लगेच मांडा. एक खेप 40 मिनिटांची धरली तर संध्याकाळच्या तीन तासांत एका माणसाच्या जेमतेम चार होतात. खेपेला 40 रुपये घेतले तर 160, पेट्रोल त्यातलंच. हॉटेलशी करार नसेल तर तुम्ही पूर्ण भाव मोजता, कमिशन शून्य. एका बाजूच्या दोन ऑर्डरी एका खेपेत बसतात का हे तपासायला शीट उघडायची. बसत नसतील तर आधी डिलिव्हरीचा परिसर लहान करायचा.

कोणतं काम कधी बदलायचं तेही शीटच सांगते. फोनवर ऐकताना पदार्थ चुकायला लागले की आधी ऑर्डर फॉर्म आणायचा. एका वेळी तीनपेक्षा जास्त गाड्या बाहेर असल्या की गाड्या पाठवायला वेगळा माणूस. ॲपचा नंबर बराच नंतर लागतो.