एका स्वल्पविरामाने खाल्लेला दिवस

सकाळी साडेनऊला बिल्ड लाल, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या आमच्या टेस्टपैकी एक नापास. माझ्या लॅपटॉपवर मात्र तीच टेस्ट हिरवीगार! असर्शनला (टेस्टमधल्या अपेक्षित उत्तराच्या तपासणीला) हवे होते '₹१,००,०००', सर्व्हरवरचा ब्राउझर दाखवत होता '₹१००,०००'. ते मशीन अमेरिकन लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) चालणारं, त्याला लाख कुठून कळणार? प्लेराइटच्या (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट घेणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिगमध्ये लोकेल आणि टाइमझोन पक्के केले. दोनच ओळी, पण डबा उघडायला तीन वाजले. भेंडी गार.

टाइमझोनवरून आठवलं. टेस्ट डेटात आम्ही ऑर्डरची तारीख 'आज' अशी टाकतो, आणि ती बनते यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० तिथे अजून कालच असतो. रात्रीच्या रनमध्ये ती टेस्ट पडायची आणि आम्ही तिला 'फ्लेकी' (उगाच कधी पास, कधी नापास होणारी) म्हणून रिट्राय लावून, म्हणजे पुन्हा चालवून, झाकत होतो. बिचारी खरं बोलत होती! आता तारीख ठरावीक ठेवली, ब्राउझरचं घड्याळही त्याच दिवशी थांबवलं.

सगळ्या टेस्ट अजून 'टेस्टयूजर१' या एकाच खात्यावर नाचतात. एक कार्ट भरते, दुसरी रिकामी करते. ते उद्या. आधी भेंडी गरम करते.